रॉकेटचं चूलबंद आवतन

आमच्या ह्यांना घड्याळ कळत नाही असं नाही. मनगटावर लग्नातलं घड्याळ आहे, ते बरोबर चालतं, आणि कुणी विचारलं तर वेळ सांगतातही. पण घड्याळ ही हातात घालायची वस्तू आहे, तिचं ऐकायचं नसतं, असं त्यांचं ठाम मत. मी हायस्कूलात मराठी शिकवते. माझं सगळं आयुष्य घंटेवर गेलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी हात टेकले, ते अजून टेकलेलेच आहेत.

शेताच्या कामात मात्र त्यांचा कधी उशीर नाही. कापसाची वेचणी, उसाचं पाणी, सगळं वेळच्या वेळी. उशीर होतो तो माणसांपायी. आमच्या कळसाडी गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, तर वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर थांबायचं, चहाला नाही म्हणायचं, मग हो म्हणायचं, आणि उठता उठता घरातल्या आजारी माणसाची चौकशी करून पुन्हा बसायचं. गावात त्यांना मान आहे तो यामुळेच. आणि घरात नाही तोही यामुळेच.

याचा सगळ्यात जास्त फटका बसला आमच्या एकुलत्या एका मुलीला. तिच्या दहावीच्या सत्काराला हे पोचले तेव्हा मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. तळोद्याला विज्ञान प्रदर्शनात तिचा पहिला नंबर आला, तेव्हा हे सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांपाशी होते. घोडा घ्यायचा नव्हता. नुसते दात बघायचे होते. इंजिनिअरिंगच्या पदवीदानाला मी सकाळच्या गाडीने गेले, हे "मागून येसू" म्हणाले आणि आले तेव्हा पोरगी भाड्याचा काळा झगा परत करून गेटवर उभी होती. ती कधी भांडली नाही. भांडण्याचं खातं माझ्याकडे होतं. ती फक्त दर वेळी फाटकाकडे बघायची, आणि मला ते बघवत नसे.

आता ती तिकडे दक्षिणेत एका कंपनीत नोकरीला आहे. ही कंपनी दळणवळणाचे उपग्रह बनवून घेते, रॉकेटवर चढवून वर पाठवते, आणि मग टीव्हीवाले, फोनवाले, समुद्रातली जहाजं अशा सगळ्यांना त्यातली जागा वापरायला देते. हे गावाला समजावून सांगणं काही सोपं नव्हतं. शेजारचे नाना म्हणाले, "म्हंजे चंद्रावर जावाव नई?"

"नई," हे म्हणाले.

"मंग इतलं मोठं रॉकेट कसाले?"

"उपग्रह वजनदार शे ना. आपला ट्रॅक्टर कसा, ज्याले लागस तो भाडाथून लई जास. तसं. फक्त हाऊ ट्रॅक्टर वर उभा ऱ्हाई."

कित्येक वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या शाळेतल्या सरांना इतकं सोपं सांगता आलं नसतं. पण नानांची खरी काळजी वेगळीच होती. घरावरची टीव्हीची छत्री पुन्हा फिरवावी लागेल का, एवढंच त्यांना हवं होतं.

मग एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. स्पीकर लावून आम्ही दोघं बसलो. ती म्हणाली, "पप्पा, बुधवारी आमचा उपग्रह जाणार. नोकरीला लागल्यापासून मी या एकाच कामावर आहे. सगळं थेट दिसेल, तुम्हाला कुठे जायचंही नाही. फक्त वेळेवर बसा. ही लग्नपत्रिकेवरची वेळ नाही. रॉकेट कोणासाठी थांबत नाही. ते जाताना तुम्ही बघत असाल, एवढंच मला पाहिजे."

"बेटा, मी नई देखसू ते कोन देखी?" हे म्हणाले. आवाज जड झाला होता. मला बरं वाटलं. आणि तिथेच चुकलं, कारण या माणसाला भरून आलं की तो जेवण घालतो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आख्ख्या आळीला चूलबंद आवतन दिलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी कुणाच्याही घरी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, वर तूप. कापूस विकून झाला होता, म्हणून कापसाची खोली रिकामी होती. तिच्यात अंधारही चांगला. तिथे पांढरा पडदा बांधला, शहाद्याहून प्रोजेक्टरवाला बोलावला. कोपऱ्याकोपऱ्यात अडकलेला कापूस उडून तो सारखा शिंकत होता.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "आधी रॉकेट की आधी जेवण?"

"आधी रॉकेट. मंग जेवण."

"आणि लोक वेळेवर येतील?"

"आवतन दिधं शे."

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आवतन मिळालं म्हणून कुणी उठून जेवायला येत नाही. तसं येणं म्हणजे हावरटपणा. सगळी तयारी झाली की घरच्या माणसाने पुन्हा दारोदार जायचं आणि "चला" म्हणायचं. याला बलावणं म्हणतात. बलावणं आल्यावरही लगेच निघायचं नसतं. "ई ऱ्हायनू, तुमी व्हा पुढे" असं म्हणून टोपी शोधायची. लग्नात हे चालतं, कारण लग्नही तितकंच उशिरा लागतं. रॉकेट उडवणाऱ्यांना ही रीत कुणी सांगितली नव्हती.

बुधवारी ऊन उतरलं. पडद्यावर समुद्र दिसू लागला, किनाऱ्यावर ते उंचच उंच रॉकेट, अंगातून पांढऱ्या वाफा सोडत उभं. खालच्या कोपऱ्यात उलटे आकडे पळत होते. खोलीत मी, प्रोजेक्टरवाला आणि नानांचा कुत्रा. बाहेर बट्टी तुपात पडल्याचा वास. लोक कुठेच नाहीत.

ह्यांनी दारातून एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या सतरंजीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचे हाल मला दिसत होते.

"आता जाऊ नका," मी म्हणाले.

"बलावाबिगर कोनी येवाव नई. आते जास अन् आते येस."

"पोरीनं काय सांगितलं होतं?"

"तू आकडा देख. मी उनू," असं म्हणत ते चप्पल घालून गेलेही.

मी आकडे बघत बसले. माझा जीव असा टांगणीला कधी लागला नव्हता. मुलीचं काम डोळ्यासमोर उभं होतं आणि तिचा बाप शेवटच्या घरी टोपी सापडायची वाट बघत होता. मी उठून दारात गेले, हाक मारली, परत आत आले, पुन्हा दारात गेले. मनात त्यांना जे जे बोलले ते मराठीच्या शिक्षिकेने लिहू नये.

आणि आकडे थांबले.

आधी मला वाटलं फोनचं नेट गेलं. पण वाफा हलत होत्या. पडद्यावरून माहिती सांगणारा माणूस इंग्रजीत म्हणाला, की कुठल्या तरी टाकीतला दाब हवा तसा नाही, तपासणी होईपर्यंत मोजणी थांबवली आहे. प्रोजेक्टरवाला शिंकला आणि म्हणाला, "मॅडम, आपलंबी लगीन असंच रखडलं होतं."

ठरलेली वेळ निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने हे आले, मागे सगळी आळी. पडद्यावर रॉकेट जागच्या जागी. मी काही बोलायच्या आत ह्यांनी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "देखं? थांबनं का नई? घरना मानूस उना बिगर कसं जाई!" लोकांनी माना डोलावल्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नवरदेवाच्या मामासाठी बँडवाले थांबतात, तर मुलीच्या बापासाठी रॉकेट का थांबू नये?

थोड्या वेळाने जाहीर झालं, की आज उड्डाण होणार नाही, आता परवा. लोक जेवायला बसले. बट्टी उत्तम झाली होती. नानांनी तिसऱ्यांदा वरण घेताना विचारलं, "परवा बी बट्टीच शे का?"

पंगती उठल्यावर मुलीचा फोन आला. दमलेली होती, आवाज रडवेला. माझ्याशी दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "पप्पांना द्या." मग विचारलं, "पप्पा, तुम्ही बसला होता ना?"

या माणसात हजार खोडी असतील, पण खोटं बोलायची एकही नाही. अगदी आनंदाने म्हणाले, "नई बेटा, मी बलावाले गयथू. पन काय मजा देख, मन्हाकरता थांबनं ते!"

मग ती हळूच म्हणाली, "आणि थांबलं नसतं तर, पप्पा?"

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी ताट वाढून नेलं, तर बट्टीचा तुकडा मोडून नुसता वरणात बुडवत राहिले. मी खूप वर्षांपासून जमवून ठेवलेलं बोलणं त्या दिवशी बोलू शकले असते. बोलले नाही. मला त्यांची फार दया आली, आणि पोरीचीही, आणि कुणाची जास्त ते ठरवता येईना.

परवाच्या दिवशी मी शाळेतून आले, तर हे कापसाच्या खोलीत खुर्चीवर. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. शेतातला गडी सकाळी विचारायला येऊन गेला, त्याला बसल्या जागेवरून काय ते सांगितलं. चहा खुर्चीवर. प्रोजेक्टरवाल्याला तर त्यांनी मी यायच्या आत तीनदा विचारलं होतं, "वायर बराबर शे ना?"

"लोकांना बोलावलं?" मी विचारलं.

"नई."

"आवतन तरी?"

"नई. आज मी उठाव नई."

हे वाक्य त्यांना किती जड गेलं ते मलाच ठाऊक. कारण बाहेर सगळ्यांना कळलं होतं, की आज रॉकेट आहे आणि बलावणं नाही. आळीत नाराजी पसरली. बाया दारात उभ्या राहून आमच्या घराकडे बघत आणि मी दिसले की आत जात. नाना तर आमच्या अंगणाच्या कडेपर्यंत आले, तिथे उभे राहिले आणि खोकले. हे आतून ऐकत होते. नाना पुन्हा खोकले. आमच्याकडे त्या खोकल्याला उत्तर न देणं म्हणजे जन्माचं वैर.

"मी जाऊन चला म्हणते," मी म्हणाले.

"तू बी बठ. कोनी हालाव नई."

"अहो, नाना रागावतील."

"नानाले सकाय समजाडसू. रॉकेटले कसं समजाडू?"

नानांनी तिसऱ्यांदा खोकला काढला. तेव्हा ह्यांनी मान तसूभरही न वळवता, डोळे पडद्यावर ठेवून, नुसता उजवा हात दाराकडे लांब केला आणि बोटांनी या, या केलं. त्यांच्या सबंध आयुष्यातलं ते सगळ्यात उद्धट बलावणं असेल. पण बलावणं होतं. नाना आले, आणि नाना आले म्हणून बाकीचेही आले. टोपी शोधायला कुणी थांबलं नाही.

आकडे संपत आले. शिंकणारासुद्धा नाक धरून उभा. मग रॉकेटच्या बुडाशी उजेड फुटला, इतका, की सगळ्यांचे चेहरे पांढरे दिसले, आणि ते एवढं वजन घेऊन आधी अगदी सावकाश, कुणी हाताखाली धरून उठवावं तसं, उठलं. आवाज मागाहून आला. एक बाई "अगं माय" म्हणाली. नानांनी टोपी काढली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते, तोंड उघडं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा हात उचलत नव्हते, मधे काही निसटू नये म्हणून.

पुढे बराच वेळ नुसती पडद्यावर एक रेघ वाकत गेली. लोक कंटाळून चुळबुळ करू लागले. नानांनी छत्रीचा विषय काढला, तर ह्यांनी पहिल्यांदाच नानांना "चूप" म्हटलं. शेवटी त्या इंग्रजी माणसाने सांगितलं, की उपग्रह सुटा झाला, ठीक आहे, आणि पडद्यावरची माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. त्यांत आमची मुलगी नव्हती. ती वेगळ्याच गावी, उपग्रह सांभाळायच्या खोलीत होती. मग आम्हीच टाळ्या वाजवल्या.

लोक पांगले, तरी हे खुर्चीतून उठले नव्हते. फोन वाजला तेव्हा मी तो सरळ त्यांच्याच हातात दिला.

"बेटा, मी व्हतू," ते म्हणाले. "सकायपशी व्हतू."

ती हसली, रडली, पुन्हा हसली. मग म्हणाली, "पप्पा, मी काहीच नाही बघितलं. सगळा वेळ माझ्यासमोर नुसते बॅटरीचे आकडे. मान वर करायची सोय नव्हती. आता मोकळी झाले. कसं गेलं, सांगा ना."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा.

त्यांनी टोपी नीट केली, फोन तोंडाजवळ धरला आणि सुरुवातीपासून, काही न गाळता, सुरू केलं. "तर आयक बेटा. पहिले नुसती वाफ व्हती. पांढरी. आम्ही बठ्ठा चूप..."

"मग?" तिकडून ती म्हणाली.