निलगिरीच्या तेलाचे देवाजीभाऊ

ब्रह्मपुरीच्या बाजारात मी वांगी निवडत होते. भाजीवाली सहज म्हणाली, "भट्टीवाले देवाजीभाऊ गेले ना बाई! आठ दिवस झाले." आठ दिवस! आणि मला कोणी कळवलं नाही. कळवतील तरी कशाला, मी त्यांची कोण?... त्याला आता महिना झाला. घरात कोणाशी बोलायची सोय नाही.

गडचिरोली जिल्हा नवानवा झाला, तेव्हा मी त्यांच्या गावच्या शाळेत शिकवत होते. ओढ्याकाठी त्यांची भट्टी. देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, निलगिरीचा पाला उकळायचा, वाफ नळीतून गार पाण्यात फिरवली की थेंबथेंब तेल उतरायचं. गुडघे धरलेली माणसं लांबून यायची. पण तेल द्यायची रीत मोठी चिकट. आधी मागणाऱ्याकडून वदवून घेत, "कुठी लावाचं?" "गुडघ्याले." "आन पोटात?" "नाई." मगच बाटली हातात. मला तर दोनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा मी हसले. शिकलेल्या बाईला हा माणूस पाढे म्हणायला लावतो!

आणि त्याच शहाणीनं दोन वर्षांच्या मुलीला, खोकला हटेना म्हणून, चमचाभर तेल मधातून पाजलं. झाडाचंच तर आहे, म्हटलं, त्यानं काय होतंय! अर्ध्या तासात पोर लुळी पडली, मग झटके. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या श्वासाच्या वासावरूनच ओळखलं. "पोटात देऊ नये, हे कोणी सांगितलं नाही?" समोर हे उभे, सासूबाई उभ्या. नोकरी करणारीला लेकरू सांभाळता येत नाही, हे त्यांचं रोजचंच होतं. मी म्हणाले, "नाही सांगितलं."

बातमी ऐकून सायकल हाणत आलेले देवाजीभाऊ दारातच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "सांगाचं राहून गेलं, डाक्टरसाहेब. चूक माह्यी हाय."

मुलगी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. भट्टी मात्र विझली ती विझलीच. लेकराला विष देणाऱ्याचं तेल कोण नेणार? भाऊ रोजीनं जाऊ लागले. दर रविवारी आमच्या कुंपणाशी थांबत. "जयभीम बाई. पोरगी बरी हाय ना?" मी "हो" म्हणून घाईनं आत पळे. माझी ब्रह्मपुरीला बदली होईपर्यंतच्या सहा वर्षांत मी एकदाही "आत या" म्हणाले नाही. मेली माझी जीभ!

परवा त्यांच्या घरी गेले. पडवीत देग पालथी घातलेली, तिला अजून तो वास... त्यांच्या पत्नी काशीबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले मालूम हाय. तुमाले तेल देतानी मी तिथीच होती. गावात सांगतो म्हटलं, तर मले म्हणाले, पोरगी वाचली ना, आता बाईचं घर काऊन मोडाचं?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी मला उठवलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

हे लिहिलं आणि मासिकाला धाडण्याआधी ह्यांच्यापुढे ठेवलं. वाचून ते उठले, चप्पल घालून बाहेर गेले. सकाळची गोष्ट. आता दिवेलागण झाली, अजून आले नाहीत.