नालीतला घोडा

"हात लावू नको बे. तोंडानं सांग."

आर्वीतल्या त्या शेठच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला राहे. तो वर गादीवर. मी खाली रस्त्यावर, जिनिंगमध्ये गाठी उचलून आलेला, अंगाले रुई चिकटलेली. चाल मी सांगायची, माझं मोहरं त्याच्या नोकरानं सरकवायचं. शेठशी टक्कर देणारा दुसरा गडी नव्हता, म्हणून मी चालायचो. माझा हात चालत नव्हता.

एक दिवस शेठचा राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला. मी म्हटलं, "घोडा हत्तीच्या बगलेत."

नोकरानं मालकाच्या तोंडाकडं पाह्यलं अन् घोडा भलत्याच घरात ठेवला.

"ठेवला तो ठेवला," शेठ म्हणाला. "आता चाल फिरत नाई." ओट्यावरचे सारे फिदीफिदी हसले.

मी पायरी चढलो. घोडा उचलला. माझ्या घरात ठेवला.

"शह. अन् मात."

हसणं बंद. शेठनं फडक्यानं घोडा धरला, नालीत फेकला. पटावर पाणी शिंपडलं. "माजला साला. पुन्हा इथं दिसू नको."

नालीत हात घालून मी घोडा काढला. धुतला. घरी नेला. बाकीची मोहरी बाभळीच्या लाकडाची कोरली. पुन्हा त्या ओट्याकडं गेलो नाई.

त्याच मोहऱ्यांवर माझी नात शिकली. हरली की रडे. मी म्हणायचो, "रड, पण मांड." तालुका झाला, नागपूर झालं, मग परदेश. औंदा ग्रँडमास्टर झाली.

परवा त्या शेठचा पोरगा हार घेऊन दारात. "काकाजी, सत्कार आमच्या हॉलमध्ये. बाबूजींनी तुम्हाले शिकवलं, तुम्ही हिले. बॅनरवर तसंच छापलं. स्टेजवर बाबूजींचा पट ठेवू. एक घोडा तेवढा हरपला त्यातला."

नात माझ्याकडं पाहून म्हणाली, "आबाजी, चाल तुमची."

मी आतून घोडा आणला, त्याच्यापुढं ठेवला. त्यानं हात पुढं केला.

"हात लावू नको. हरपला नाई हा. तुझ्या बापानं नालीत फेकला. काऊन फेकला ते घरी विचार. अन् बॅनर उतरव."

हार घेऊन तो तसाच गेला.

सत्कार आमच्या वस्तीतल्या विहारात होईन, सतरंजीवर. त्यानं यावं, सगळ्यांत बसावं. मी माइकवर ओटा सांगीन, नाली सांगीन, त्याच्या बापाचं नाव घेऊन सांगीन. घोडा त्याले भेटणार नाई. मी जिता हाव तोवर नाई, अन् माझ्यामागं माझी नात देणार नाई.