सोपीताईंची शहाऐंशी पत्रं

वैद्यकीय विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक छोटी खोली होती. दोन खुर्च्या, एक बाक, हात धुवायचं बेसिन आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा की नाही, हे ठरवायला पेशंट या खोलीत यायचे. त्यांच्याशी बोलायला बसायच्या सोपीताई. हुद्द्याने त्या परिचारिका. नाव विद्यार्थी डॉक्टरांनी पाडलेलं. संमतीपत्र एकोणीस पानांचं असायचं, एकेक वाक्य वाचताना दम लागावा असं. अवघड कागद आला की द्या सोपीताईंकडे, असं करता करता तेच नाव पडलं.

मी त्याच विभागात नोंदी ठेवायला होते. माझी खोली पलीकडे, आणि मधली भिंत पातळ. त्यामुळे त्यांचं बोलणं मला जवळजवळ पाठ झालं होतं.

"म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार?" हा प्रश्न कोणी ना कोणी विचारायचंच. डॉक्टर मंडळी अशा वेळी गोलगोल बोलून सुटका करून घ्यायची. ताई म्हणायच्या, "हो, प्रयोगच. दुसरा शब्द वापरला तर मी तुम्हाला फसवलं असं होईल. हे औषध आधी थोड्या लोकांना देऊन पाहिलंय, अपाय होत नाही ना म्हणून. मग किती द्यायचं ते ठरवलं. आता खरंच गुण येतो का, ते बघायचंय. त्यासाठी निम्म्या लोकांना औषधाची गोळी आणि निम्म्यांना नुसती गोळी. दिसायला, चवीला तंतोतंत तशीच, पण आत औषध नाही."

"ते कशाला?"

"माणसाला आशेनेही बरं वाटतं. बरं वाटलं ते आशेने की औषधाने, हे कळायला दोन्ही गट लागतात. कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. तुम्हाला कळणार नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मधेच नको वाटलं तर बाहेर पडा. कोणी कारण विचारणार नाही, तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत." एवढं बोलून त्या कागद मिटायच्या. "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?"

पेशंटला ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं नाही, तर त्या सही घ्यायच्या नाहीत. "घरी जा, विचार करा, परवा या." विभागप्रमुख वैतागायचे. त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. माणसं मिळत नाहीत आणि ही बाई आलेल्यांना परत पाठवते, असं ते म्हणायचे. पण ताईंनी सही घेतलेले पेशंट चाचणी अर्ध्यावर सोडून जात नसत, हे सरांनाही माहीत होतं.

ताईंनी लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, आणि थोरल्या भावाने त्यांना वाढवलं. दादा पाट्या रंगवायचे. शाळा सोडून त्यांनी ब्रश हातात धरला आणि बहिणीला नर्सिंगला घातलं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या पाट्या. अक्षर असं की उभी रेघ ओळंब्याने मारल्यासारखी. माणूस मोठा मिस्कील. "निम्म्या गावाची नावं मी काढली," म्हणायचे, "पण माझं नाव कोणी काढत नाही." बायकोने, म्हणजे ताईंच्या वहिनीने, त्यावर डोळे वटारायचे, हे ठरलेलं. मूलबाळ नव्हतं. ताई दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि रोज संध्याकाळी त्यांच्याकडे असायच्या.

एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना दादांच्या बोटांतून ब्रश निसटला. मग पुन्हा निसटला. महिन्याभरात शर्टाची वरची गुंडी लागेना. ताईंनी त्यांना मोठ्या सरांकडे आणलं. तपासण्या झाल्या. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जाण्याचा तो आजार. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. त्यावर इलाज नाही. आणि नेमकी त्याच आजारावरच्या एका गोळीची चाचणी आमच्याकडे त्याच महिन्यात सुरू झाली होती.

नात्यातल्या माणसाची संमती ताईंनी घ्यायची नाही, असा नियम होता. ते काम एका नव्या डॉक्टरकडे गेलं. संध्याकाळी दादा घरी बहिणीला म्हणाले, "डॉक्टर फार छान बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. सही मात्र झोकात केली बघ, वाकड्या हाताने."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मोठ्या सरांच्या टेबलासमोर उभ्या. "माझ्या भावाची सही रद्द करा. त्याला काही कळलेलं नाही."

"अहो, तुमचाच भाऊ! तुम्ही घरी सांगा की समजावून."

"घरी मी बहीण आहे, सर. इथे त्याला कोणीतरी परकं माणूस हवं."

सर चिडले, पण सही रद्द झाली. दुसऱ्या विभागातली एक जुनी परिचारिका आली, दीड तास बसली, आणि दादांनी सगळं तिला उलट सांगून दाखवल्यावर नवी सही झाली. त्याआधीच्या संध्याकाळी मात्र दादांनी बहिणीला सोडलं नव्हतं. हे ताईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

"नियम राहू दे बाजूला. बहीण म्हणून सांग. माझा काही फायदा?"

"होईलच असं नाही, दादा. खरं सांगू का, हे तुझ्यासाठी नाहीच. हे पुढच्यांसाठी आहे."

दादा म्हणाले, "पाट्या तरी मी कुठे स्वतःसाठी रंगवल्या? पुढच्यांसाठी तर पुढच्यांसाठी."

वहिनी दारात उभ्या होत्या. दादा झोपल्यावर त्यांनी ताईंचा हात धरला. "अगं, विभाग तुझाच. बघ ना, त्यांना खरी गोळी मिळेल असं काहीतरी."

"वहिनी, कोणालाच माहीत नसतं. मलाही नाही."

"शोधता येत नाही, की शोधायचं नाही?"

ताईंनी हात सोडवून घेतला आणि दादांचं पांघरूण सारखं केलं. शोधायचं नाही, असाच त्याचा अर्थ वहिनींनी लावला.

दर महिन्याला दादा मोजमापाला यायचे, आणि ते मोजमाप माझ्याकडे होतं. नळीत जोरात फुंकायचं. मूठ आवळून एक यंत्र दाबायचं. मग प्रश्न: जेवता येतं का, लिहिता येतं का, गुंड्या, जिना, गिळणं. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. पहिल्या महिन्यात लिहिण्याला तीन दिले. पाचव्यात एक.

"दोन लिहा हो," दादा म्हणाले.

"असं कसं लिहू?"

"त्या बिचाऱ्या गोळीचं नाव खराब होतंय." मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा हसले. "तुम्ही आणि माझी बहीण, दोघी एकाच साच्यातल्या."

ताई तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या असायच्या. दादा बाहेर आले की शर्टाची बाही नीट करायच्या. आत काय झालं हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

दहाव्या महिन्यात दादांचं बोलणं जड झालं. वहिनी प्रत्येक घास कुस्करून भरवायच्या, आणि तरी ठसका लागायचा. त्याच सुमारास एके दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्याकडे आल्या. माझ्या मागे एक लोखंडी कपाट होतं. त्यात प्रत्येक पेशंटच्या नावचा एक बंद लिफाफा असायचा. एखाद्याला अचानक गंभीर त्रास झाला, आणि तो काय घेतोय हे कळल्याशिवाय जीव वाचवता येणार नसेल, तरच तो फोडायचा. किल्ली माझ्याकडे.

"कपाट उघड," त्या म्हणाल्या.

मी उघडलं. नको म्हणायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून माझ्याच्याने झालं नाही. त्यांनी दादांचा लिफाफा काढला, उजेडाकडे धरला. कागद जाड होता, आतलं काही दिसण्यासारखं नव्हतं. अंगठा चिकटवलेल्या कडेवरून फिरवत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली आवारात कोणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. मग त्यांनी लिफाफा होता तिथे ठेवला आणि दार स्वतः लावलं.

"फोडला असता तर मी कोणाला सांगितलं नसतं," मी म्हणाले.

"माहीत आहे गं. पण नुसती गोळी निघाली असती, तर रात्री वहिनी ती त्याला देताना मी बघू शकले नसते. आणि खरी निघाली असती, तर..." एवढं बोलून त्या आपल्या खोलीतल्या बेसिनपाशी गेल्या आणि कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

चौदाव्या महिन्यात दादा गेले. पहाटे नाही, मध्यरात्री नाही. भर सकाळी, वहिनी उशी सरळ करत असताना. भेटायला आलेल्यांच्या समोर, भरल्या खोलीत वहिनी ताईंना म्हणाल्या, "पिठाच्या गोळ्या चारल्यास माझ्या नवऱ्याला. स्वतःच्या भावाला. नियम सांभाळलेस ना? बस आता ते नियम घेऊन." ताई उठून चपला घालून बाहेर पडल्या. त्या घराचं दार त्यांना अडीच वर्षं बंद राहिलं. दोन गल्ल्यांचं अंतर. बाजारात समोरून आल्या तरी वहिनी रस्ता ओलांडायच्या.

ताई कामावर येत राहिल्या. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, "हो, प्रयोगच." भिंतीपलीकडून मला एवढाच फरक जाणवायचा, की "हे पुढच्यांसाठी आहे" हे वाक्य त्या आता थांबून, एकेक शब्द सुटा करून म्हणायच्या.

चाचणी संपली. शहाऐंशी माणसं होती, त्रेचाळीस आणि त्रेचाळीस. आकडेमोड झाली आणि निकाल आला: दोन्ही गटांत काही फरक नाही. गोळी निरुपयोगी. मोठ्या सरांनी शोधनिबंध लिहिला, परदेशातल्या परिषदेत वाचला, आणि फायली बांधून ठेवायची वेळ आली.

"आणि घरच्यांना कोण सांगणार?" ताईंनी विचारलं.

"निबंध छापून येतोय ना."

"तो त्यांनी कुठे वाचायचा, सर? माणसं दिली त्यांनी आपल्याला."

चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नैतिक समितीकडे अर्ज गेला. चार महिने तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. ताई दर सोमवारी जाऊन विचारायच्या. कंटाळून का होईना, परवानगी मिळाली. पत्र ताईंनी लिहायचं, साध्या भाषेत, एका पानात. मी त्यांचे नऊ खर्डे पाहिले. एकात लिहिलं होतं, "आपल्या माणसाचं योगदान वाया गेलेलं नाही." ते त्यांनी खोडलं. "हे मी कोण ठरवणार?" शेवटी राहिलं ते असं: "या गोळीने गुण येत नाही, हे आता नक्की कळलं आहे. हे तुमच्या माणसामुळे कळलं. यापुढे ही गोळी कोणाला दिली जाणार नाही. त्यांना मिळाली होती ती गोळी अमुक." त्या 'अमुक'च्या जागी प्रत्येकाचं वेगळं उत्तर यादी बघून लिहायचं होतं.

यादी मी वाचत होते, त्या लिहीत होत्या. दादांचा क्रमांक आला. मी थांबले.

"वाच," त्या म्हणाल्या.

"औषधाची."

त्यांनी ते लिहिलं. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हे टपालाने नको. तू चल माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर ती दार उघडणार नाही."

वहिनींनी दार उघडलं ते मला बघून. खोलीत कोपऱ्यात ब्रशांचा डबा तसाच होता, ब्रश धुऊन पुसून ठेवलेले. ताईंनी पत्र पुढे केलं. वहिनींनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे खरीच होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तरीही..."

"हो, वहिनी."

मला वाटलं आता वहिनी ताईंना जवळ घेतील, चूक झाली म्हणतील. तसं काही झालं नाही. त्यांनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली, आणि एकदम भडाभडा रडायला लागल्या. "तुला शिव्या घालत होते ते बरं होतं गं. सकाळी उठले की तुझ्यावर राग यायचा, त्या रागाने दिवस निघायचा. आता कोणाला शिव्या घालू?"

"मलाच घाल," ताई म्हणाल्या. "मी कुठे जातेय?"

शहाऐंशी पत्रांतली सोळा पत्ता न सापडून परत आली. अकरा जणांनी उत्तर पाठवलं. एका मुलीने लिहिलं होतं, की बाबांना नुसतीच गोळी मिळाली हे कळून बरं वाटलं, निदान औषधाचे त्रास तरी झाले नाहीत. एकाने लिहिलं, पुन्हा पत्र पाठवू नका. ताईंनी अकराही उत्तरं एका फाईलला लावली.

त्यानंतर वर्षभराने एक तरुण बाई नवऱ्याला घेऊन त्या खोलीत आली. तोच आजार, नवी गोळी. तिने विचारलं, "यांना फायदा होईल ना?" भिंतीपलीकडे मी उत्तराची वाट बघत राहिले. उत्तर आलंच नाही. मी आत गेले तेव्हा ताई त्या बाईचे दोन्ही हात धरून बसल्या होत्या. राहिलेलं मी सांगितलं.

त्याच आठवड्यात त्यांनी बदली मागून घेतली, तळमजल्यावर, लहान मुलांना लस टोचायच्या विभागात. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. वहिनी अधूनमधून त्यांच्याकडे येतात, असं मी ऐकते. एकदा मीही गेले होते. दोघी खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, की दादांना ही सालं पायाखाली आलेली आवडायची नाहीत, आणि ताईंनी उठून ती गोळा केली.