निकालकाकांचा पहिला घाणा

समस्त जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या चार मजली इमारतीत दिवाळीची चकली तपासून घेतल्याशिवाय खायची पद्धत नव्हती. पहिला घाणा उतरला की त्यातली एक चकली बशीत घालून तिसऱ्या मजल्यावर न्यायची. तिथे निकालकाका डोळे मिटून ती कानाजवळ धरत आणि मोडत. चव नंतर, आधी आवाज.

"मोहन कमी," ते म्हणत. पिठात घातलेलं कडकडीत तेल कमी पडलं, एवढाच त्याचा अर्थ. पण माझी बायको त्यावरून दोन दिवस भांडी आपटायची.

काकांची सगळी नोकरी कल्याणपलीकडच्या कारखान्यात रेयॉनचा धागा तपासण्यात गेली. ताणायचा, तुटला की आकडा लिहायचा. "तुटल्याशिवाय वस्तू खरं बोलत नाही," असं ते म्हणत. स्वतः मात्र न तुटताही खरंच बोलत. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी "जेवण कसं होतं?" असं विचारलं, तर त्यांनी सांगितलं.

मग एका दिवाळीला काकूंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. काकांनी कमरेला टॉवेल गुंडाळला. "यंदा चकली शास्त्रशुद्ध होईल. अगं, तू फक्त बसायचंस. सूचना नकोत."

काकू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मी सोऱ्या दाबायला होतो. काकांचं गणित सरळ होतं: मोहनाने चकली खुसखुशीत होते, तर दुप्पट मोहनाने दुप्पट. पहिली चकली तेलात सोडली. ती फुलली, पसरली आणि दिसेनाशी झाली. दुसरी तिला शोधायला गेली, तीही परतली नाही. कढईत नुसता भुगा तरंगू लागला. काकूंनी डाव्या हाताने पदर तोंडाला लावला, पण शब्द काढला नाही. काका डगमगले नाहीत. उरलेल्या पिठात त्यांनी घरातली होती नव्हती ती सगळी तांदळाची पिठी ओतली. या वेळी चकल्या टिकल्या. फारच टिकल्या.

नियम म्हणजे नियम. त्या संध्याकाळी काका स्वतः डबा घेऊन दारोदार फिरले. "काय चुकलंय ते सांगा, वहिनी." आणि ज्यांना ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं नापास केलं होतं, त्या सगळ्यांनी दाढा सांभाळत एकच सांगितलं, "छान झाल्यात हो, काका." माझ्या बायकोनेही. उट्टं काढायची इतकी सोन्यासारखी संधी, पण त्यांच्या बोटांवरचे तेलाचे चटके बघून तिची जीभ रेटली नाही.

घरी येऊन काका डब्याकडे बघत बसले. "अख्ख्या इमारतीत एकालाही खरं सांगावंसं वाटू नये?" ते मला म्हणाले. "म्हणजे माझं बोलणं इतकी वर्षं लोकांना नुसतं टोचतच होतं की काय रे?"

काकूंनी डाव्या हाताने एक चकली उचलून कानाजवळ नेली. मोडेना. शेवटी टेबलाच्या कडेवर आपटून मोडली.

"मोहन कमी," त्या म्हणाल्या, "आणि शहाणपण जास्त."

काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढे महिनाभर त्यांनी त्या चकल्या चहात बुडवून संपवल्या, आणि प्रत्येकीला नापास केलं.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. दिवाळी आली, पहिला घाणा उतरला आणि बायको हातात बशी घेऊन जिन्यात घुटमळत राहिली. दोन पायऱ्या वर, एक खाली. मग गेली. मागोमाग मी. तिसऱ्या मजल्यावर काकूंसमोर आणखी तीन बशा आधीच येऊन बसल्या होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

काकूंनी आमची चकली घेतली, डोळे मिटले आणि कानाजवळ नेऊन मोडली.

"मोहन कमी."

मी बायकोकडे बघायचं टाळलं. घरी गेल्यावर भांड्यांचं काय होणार, या विचारात होतो, तेवढ्यात ती सगळ्यांदेखत मोठ्याने बोलून गेली, "बरं वाटलं बाई ऐकून."