देवाच्या रानातली मोजणी

भागीबाईला फुलपाखरं आवडत नाहीत. आठ वर्षं ती सुरगाण्याच्या डोंगरांवर फुलपाखरं मोजत हिंडतेय, आणि आठ वर्षांनी कुणालाही कशाचाही वीट येतो. नाशिकला इंदिरानगरात राहणारी स्वरदाताई कॉलेजात शिकवते, मोजणीचं काम तिचंच. ती आली की हरखून ओरडते, "भागीबाई, बघा तरी, किती सुंदर!" भागीबाई "हां ताई" म्हणते आणि वहीत रेघ ओढते. सुंदर असेल बापडं, पण चढण चढून गुडघे भागीबाईचे दुखतात.

डोंगरमाथ्यांवर जुन्या रानाचे सहा तुकडे उरलेत. मधे सगळा उघडाबोडका माळ आणि नागलीची शेतं. महिन्यातून दोनदा, चांगलं ऊन पडलं की प्रत्येक तुकड्यातल्या ठरलेल्या वाटेनं सावकाश चालायचं आणि दोन्ही अंगांना पाच-पाच पावलांत जे दिसेल तेवढंच लिहायचं. पाठीमागं उडालेलं धरायचं नाही, काल दिसलेलंही धरायचं नाही. एका तुकड्यातलं फुलपाखरू माळ ओलांडून दुसऱ्यात जातं का, की एकटंच पडून संपतं, हे स्वरदाताईला शोधायचं होतं. भागीबाईचा मतलब साधा होता. या कामामुळे दर हिवाळ्यात बिऱ्हाड पाठीवर घेऊन निफाडच्या द्राक्षबागांत जाणं सुटलं होतं. तिथल्या पत्र्याच्या खोपटात काढलेले दिवस आठवले की ती मुकाट्यानं चढण चढायची.

सहावा तुकडा देवाचा. तिथली वाळकी काडीही बाहेर न्यायची नाही, चपला बाहेर काढायच्या, आणि केस पिकेपर्यंत बाईनं आत पाऊल टाकायचं नाही. म्हणून तिथं तिचा नवरा हिरामण आत जायचा. भागीबाई हद्दीच्या दगडापाशी वही घेऊन बसायची, आणि तो बाहेर येऊन आकडे सांगायचा. डोळेवालीचा आकडा सगळ्यात शेवटी. डोळेवाली म्हणजे मातकट रंगाचं, पंखावर गोल ठिपके असलेलं फुलपाखरू. तिची अळी बांबूचा पाला खाते आणि ती स्वतः सावली सोडत नाही. दरीपलीकडच्या तिसऱ्या तुकड्यात ती होती आणि इथं देवाच्या रानात, बाकी कुठंच नाही. स्वरदाताईचा अर्धा जीव त्या डोळेवालीत अडकलेला. हिरामण कधी तीन सांगायचा, कधी पाच.

यंदा श्रावणात हिरामण निसरड्या बांधावरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. तो खाटेला खिळला. भागीबाईचे केस आता पुरते पांढरे झालेले, त्यामुळे गावातल्या जाणत्यांनी मान हलवली आणि दसऱ्यानंतरच्या मोजणीला ती पहिल्यांदा देवाच्या रानात शिरली.

आत गार होतं. झाडं थोर, वेली मनगटाएवढ्या. पण देवाच्या दगडाभोवती, जिथं बांबूचं बेट असायला हवं होतं, तिथं सडकी खुंटं, त्यांतून फुटलेले चार नवे कोंब आणि जत्रेला घातलेला बांबूचा मांडव. मांडव घातल्याचं तिला माहीत होतं, त्याला सहा वर्षं झाली. त्यापायी सगळं बेटच गेल्याचं माहीत नव्हतं. ती ठरल्या वाटेनं तीनदा फिरली, डोळे चुरचुरेपर्यंत बघितलं. दुसरी फुलपाखरं पुष्कळ होती. डोळेवाली एकही नव्हती. तिला राग आला, आणि रागावण्याइतकी ताकद अंगात नाही हेही तिथंच कळलं. तिनं शून्य लिहिलं.

घरी येऊन तिनं खाटेशेजारी बसकण मारली आणि स्वरदाताईला फोन लावला. हिरामण पडल्या पडल्या तिच्याकडं बघत होता.

"एकही नाही?" ताईचा आवाज चढला. "उन्हाळ्यात तर चार होत्या! म्हणजे यंदाच्या पावसात गेल्या. बरं झालं वेळेत कळलं, आता तसंच लिहिते."

नुसतं "हां ताई" म्हटलं असतं तरी भागलं असतं. आठ वर्षं तेच तर म्हणत आली होती. हिरामणनं डोळे मिटून घेतले. भागीबाईला आडवं व्हावंसं वाटत होतं, बाकी काही नको होतं.

"यंदा नाय गेल्या ताई," ती म्हणाली. "सा वर्सं झाली. आमी खोटं लिव्हलं."

भागीबाईनं फोन हिरामणच्या छातीवर ठेवला. "बोला. म्या नाय बोलायची तुमच्यासाठी."

हिरामण घसा खाकरून बोलला. "बांबू आमीच तोडला, ताई. म्या होतो म्होरं. बाहेर काडी नाय नेली, देवाचं ते देवालाच लावलं. त्याच्यात पाप व्हईल असं वाटलंच नाय. मंग डोळेवाली दिसंना. आकडा नाय सांगितला तर मोजणी बंद पडंल, हिला परत निफाडला जावं लागंल, हे बी डोक्यात व्हतं. पर नुसतं तेवढंच नाय. बेटाला चार कोंब फुटले व्हते. म्हणलं, पलीकडच्या रानात हायेत, येतील हितं. आल्या की खरा आकडा सांगीन. दर मोजणीला आत जाऊन बसायचो. सा वर्सं बसलो, ताई. येकबी आली नाय."

"काका," स्वरदाताई हळू आवाजात म्हणाली, "त्या तिकडून इकडं येतात का, हेच तर मी तुम्हाला आठ वर्षं विचारत होते."