घोंगड्यांच्या दुकानाचं नाव

माझा नवरा गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलाने नोकरी सोडली आणि घोंगड्यांचं ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलं. घोंगडी त्याच्या बाबांच्या गावची, माण तालुक्यातली. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, अजूनही थोडी आहेत. शिकून बाहेर पडलेला पहिला माणूस माझा नवरा. सांगलीत कॉलेजात शिकवायला लागला, मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होते. विश्रामबागेतलं घर आम्ही दोघांनी मिळून बांधलं.

कामं आम्ही वाटून घेतली होती. गावातून माल आणणं, फोटो काढणं, वेबसाइट हे सगळं मुलाकडे. खोकी भरणं आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणं माझ्याकडे. मला घरात हाताला काहीतरी काम मिळावं, हा त्यामागचा त्याचा विचार मला कळत होता आणि मी तो कळल्याचं दाखवलं नाही.

अडलं ते नावावर. रोज जेवताना तो नवी नावं सांगायचा. काही इंग्रजी, काही संस्कृत, एखादं अगदीच औषधासारखं. माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं, पण नाव ठेवायची वेळ तिथे कधी आली नव्हती. पुस्तकं आपापली नावं घेऊनच यायची. मी नुसती मान हलवत होते.

एका दुपारी तो बाहेरून आला, चपला न काढताच म्हणाला, “आई, आपण बाबांचंच नाव देऊया.”

कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा असा उजळलेला दिसत होता. मी म्हटलं, “बघ, तुला कसं वाटतंय.” आत जाऊन उगाचच भांडी लावत बसले.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव दुकानाला देतातच. रस्त्याला लागलं की औषधांचं दुकान, मंगल कार्यालय, ट्रॅव्हल्स, सगळ्यांवर कुणाचे तरी वडील असतात. पुढे ते नाव त्या माणसाचं राहत नाही. तिथला पंखा बंद असतो, तिथली बस उशिरा सुटते. माझ्या नवऱ्याला कॉलेजात सगळे ‘सर’ म्हणायचे, गावात सगळे ‘आप्पा’. त्याला नावाने हाक मारणारी, तीही अरे-तुरे करून, मी एकटीच होते. एवढी एकच गोष्ट अशी होती, जी मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. आणि ती आता दिवसभर फोनवर अनोळखी माणसांना सांगायची होती. पण हे मुलाला सांगायचं कसं? बाबांसाठी काहीतरी करतोय एवढ्याच बळावर तो उभा होता.

कुपवाडमधल्या एका छापखान्यातून त्याने त्या नावाची नमुन्याची लेबलं आणली. एका मित्राला एक पार्सल पाठवून पाहिलं. पत्ता चुकला आणि पार्सल परत आलं. कुरिअरवाल्याने गेटवरून खणखणीत आवाजात माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. मग आणखी एकदा. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. मी सही करून खोकं घेतलं. मुलाला इतकंच सांगितलं, की पत्ता नीट घालायला हवा.

दुकान सुरू करण्याआधी पहिलं खोकं आजीला दाखवायचं म्हणून आम्ही गावाला गेलो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचा मुलगा, माझा नवरा, गेल्यापासून त्या कमी बोलायच्या, पण नातवाला पाहून उठून बसल्या. त्यांना वाचता येत नाही. लेबलावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “काय लिवलंय रं ह्येच्यावर?”

मुलाने मोठ्या अभिमानाने वडिलांचं नाव वाचून दाखवलं.

आत्यांनी झटकन पदर डोक्यावर ओढला. त्या रडणार असं वाटून मुलाने त्यांचा हात धरला. “आजी, आवडलं नाही का?”

“आवडंल न्हाई कसं? पर मी त्ये म्हनू कसं? माझ्या मामंजींचं नाव हाय त्ये.”

मुलाला काही कळेना. सांगलीत वाढलेला तो. मीच समजावलं. माझ्या नवऱ्याला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं. आत्यांचे ते सासरे. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, म्हणून आत्यांनी पोटच्या मुलाला त्या नावाने कधी हाक मारली नाही. ‘आप्पा’ ही त्यांनीच काढलेली वाट.

“पण आजी, ते वारून किती वर्षं झाली!”

“म्हून काय झालं? मेल्यावर मामंजी मामंजी ऱ्हात न्हाईत व्हय? उंद्या बाया इचारतील, नातू काय इकतोय? तवा मी काय, तोंडाला पदर लावून बसू? आन घोंगडं कुनाला टोचलं तर शिव्या कुनाला बसतील? लय तापट व्हते. जितेपनी कुनाचं ऐकून घेतलं न्हाई त्येंनी.”

मुलाला हसू आवरेना. मीही तोंड फिरवलं. मग तो म्हणाला, “बरं, मग ‘आप्पा’ ठेवतो. ते तर तुला म्हणता येतं.”

“त्ये बी नगं,” आत्या म्हणाल्या. “त्यो माजा हाय.”

बाहेर एक कोकरू ओरडत होतं. मी माझाच आवाज ऐकला, “आणि ते दुसरं नाव माझं आहे.”

मुलाने माझ्याकडे वळून पाहिलं. आत्यांनी मात्र पाहिलं नाही, त्यांनी खोक्यातलं घोंगडं ओढून मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं. “जावळाचं हाय न्हवं ह्ये? मग जावळच म्हना की. येवढं काय त्यात!”

जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर, सगळ्यात मऊ. मुलगा हातात फोन घेऊन रेंजसाठी मेंढरांच्या कुंपणापर्यंत गेला. तिथून ओरडला, “वेबसाइटला नुसतं ‘जावळ’ नाव नाही मिळत. पुढे ‘घोंगडी’ लावलं तर मिळतंय!”

“मग लाव की रं गड्या,” आत्या म्हणाल्या. “घोंगडीच इकतोयस न्हवं? का आनि काय?”

परतताना विट्याच्या अलीकडे चहाला थांबलो. मुलाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू इतका आनंदात होतास.”

“आनंदात कसला, आई! झोप लागत नव्हती. धंदा बसला तर बाबांच्या नावासकट बसणार, हेच डोक्यात. पण ठरवून बसलो होतो, तुलाही आवडलंय असं वाटलं. आता मागे कसं फिरायचं?”

मी हसले. चांगली मोठ्याने हसले, शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहण्याइतकी. छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. आम्ही चहा पुन्हा मागवला.

दुकान सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. एका बाईंचा फोन आला. आवाज चढलेला. “जावळ घोंगडी का? अहो, तुमच्या घोंगड्याला मेंढीचा वास येतोय! घरभर झालाय.”

“मेंढीचंच आहे ते,” मी म्हटलं. “दोन दिवस उन्हात टाका, जाईल.”

“आणि नाही गेला तर?”

“तर मला पुन्हा फोन करा. मीच असते इथे.”

फोन ठेवला आणि पुढचं खोकं भरायला घेतलं.