पाच लिटरात वाटूर

लग्न होऊन मी जालन्याला आले तेव्हा माझ्याकडे डॉक्टरकीची पदवी होती आणि सासऱ्यांकडे दवाखाना होता. पोरीनं नशीब काढलं, असं माहेरी सगळ्यांचं मत पडलं. प्रत्यक्षात सासरे खुर्चीवर बसायचे आणि मी पडद्यामागं पुड्या बांधायची. बायका पडद्याआड येऊन आपलं दुखणं माझ्या कानात सांगायच्या, ते मी सासऱ्यांना सांगायची, आणि मग औषध ते द्यायचे. सहा वर्षं मी ही दुखण्यांची हमाली केली.

माझ्या डोक्यात वाटूर होतं. चौरस्त्यावरचं मोठं गाव, आठवडी बाजाराला चहूकडून माणूस येतं. बाजाराच्या दिवशी तिथं फक्त बायकांसाठी दवाखाना मांडायचा, स्वतःच्या खुर्चीवर बसून, असं मी ठरवून टाकलं होतं. सासऱ्यांच्या ओळखीचे एक आडते आपली पुढची खोली द्यायला तयार होते. अडचण जाण्यायेण्याची होती. औषधांची पेटी, सुया उकळायचं भांडं, एवढं सगळं बसमधून न्यायचं कसं, आणि परतीची बस तर दुपारीच निघून जायची. घरात सासऱ्यांची छोटी मोटार होती. चालवायला मी शिकले होते, तेही गॅरेजच्या मिस्त्रीकडून आणि अर्धं चोरून.

मामंजींनी एका शब्दात निकाल लावला. "न्हाई. पेट्रोलचा भाव बघ. लिटरला बारा देते गाडी. परवडायची न्हाई."

त्या वर्षी पेट्रोल एकाएकी महाग झालं होतं, हे खरं. गावातले मोटारवाले एकमेकांना भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी "किती देते?" असं विचारत, म्हशीबद्दल विचारावं तसं. म्हशीच्या दुधाबद्दल आणि गाडीच्या ॲव्हरेजबद्दल खरं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

दोनच दिवसांनी समोरचे वकील ओट्यावर चहाला बसले होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मामंजींनी मिशीवरून हात फिरवत सांगितलं, "अठरा. बराबर अठरा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. अशी संधी सोडणाऱ्यातली मी नाही. "मग पाच लिटरात वाटूर जाऊन-येऊन होतं की, मामंजी. पंचेचाळीस जायला, पंचेचाळीस यायला."

वकीलसाहेबांनी बशीतला चहा तसाच ठेवला. मामंजींचं तोंड उखाणा विसरलेल्या नवरीसारखं झालं. वकिलासमोर अठराचे बारा करणं शक्य नव्हतं. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. पाच लिटर मोजून टाकायचं. तू चालवायची, मी शेजारी बसणार. गाडी दारात परत आली तर दर बाजारला जा. न्हाई आली तर हा विषय पुन्हा घरात काढायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

मी हो म्हटलं, आणि रात्री नवऱ्यानं सांगितलं की गाडी खरी तेरा-चौदा देते.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात जो गोंधळ चालला तसा लग्नातही झाला नव्हता. नवरा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या विषयाचा घराला उपयोग होणार होता. वजन कमी करायचं, हा त्याचा पहिला हुकूम. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायातला रबरी गालिचा काढला. मग मिस्त्रीला बोलावून मागची अख्खी सीटच उचकटून ओट्यावर ठेवली. सासूबाई लगेच तिच्यावर बसून शेंगा सोलायला लागल्या. मी हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून ठेवल्या, तेव्हा म्हणाल्या, "मोटारीसाठी पाटल्या उतरवणारी सून पहिल्यांदा बघून राह्यले मी." सगळ्यात शेवटी नवऱ्याला उतरवलं. त्यानं वाद घातला नाही. साठ किलोचा हिशेब त्यानंच मांडला होता.

मिस्त्री मोठा गुणी माणूस. त्यानं चाकात हवा गच्च भरली, प्लग घासले, आणि मला जवळ बोलावून धडा दिला. "भाभी, पाँव के नीचे पापड हय समझो. पापड टूटा तो पेट्रोल गया." मी आठवडाभर जिन्यावरसुद्धा पापडावर चालल्यासारखी चालत होते.

रविवारी सकाळी मिस्त्रीनं नळी लावून टाकी रिकामी केली. उरलंसुरलं जाळायला इंजिन सुरू ठेवलं, ते आचके देत बंद पडलं. मग वकीलसाहेबांच्या देखत पाच लिटरचा डबा टाकीत ओतला. मी उपाशी होते, अनवाणी होते, आणि आनंदानं मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात पंच, म्हणजे मामंजी, बाहेर आले. कोट, टोपी, पानाचा डबा, पाण्याचा फिरकीचा तांब्या. पिठलं-भाकरी पोटभर खाऊन आले होते, वरून दोन केळी. मामंजी बसले तशी गाडी त्यांच्या बाजूला कलली. आम्ही काढलेली सीट, स्टेपनी आणि नवरा, सगळं एका माणसानं भरून काढलं.

जालना मागं पडलं. मी चौथ्या गियरमध्ये गाडी अशी नेत होते की सायकलवाले मान वळवून बघत. नवऱ्यानं बजावलं होतं, काचा बंद ठेव, वारा अडतो. मामंजींना पान लागायचं. पान म्हटलं की पिंक, पिंक म्हटलं की काच खाली. "मामंजी, गिळता येईल का?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय मिटवला.

पहिला उतार आला तशी मी गियर काढला आणि चावी फिरवली. इंजिन गप्प झालं. गाडी आपल्या आपण निघाली, टायरांची सळसळ आणि दोन्ही बाजूंनी कपाशीत बोलणाऱ्या बायकांचे आवाज, एवढंच ऐकू येत होतं.

"काय करून राह्यली तू?"

"फुकट चाललोय, मामंजी."

त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. दुसऱ्या उताराला मात्र सरसावून बसले. तिसऱ्याला तर माझ्या आधीच, "आता बंद कर, आता," असं हळूच म्हणाले आणि गाडी थेट खालच्या पुलापर्यंत गेली तेव्हा मांडीवर थाप मारली. चढाला ते पुढं झुकायचे, जसं काही त्यानं मोटारीला बळ मिळणार होतं. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर खिडकीतून डोकं काढून गुराख्यावर ओरडायचे, कारण ब्रेक लावला की पुन्हा पेट्रोल जाळून वेग घ्यावा लागतो, हे आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी शर्यत हरावी असं वाटणारा माणूस माझ्या शेजारी बसून माझ्यासाठी म्हशी हाकत होता. इतकी मजा मला त्या घरात कधी आली नव्हती.

वाटूरला पोचल्यावर त्यांनी स्वतः टाकीत काडी बुडवून पाहिली. अर्ध्याहून जास्त पेट्रोल शिल्लक होतं. त्यांनी काडी पुसली, पुन्हा बुडवली, आणि म्हणाले, "अठरा देते म्हणलो होतो ना मी." जसं काही गाडी त्यांनीच हाकली होती.

आडत्यांनी खोली दाखवली. पूर्वेला खिडकी, कोपऱ्यात मोरी, टेबल त्यांचंच. घरातल्या बायकांनी तर गावभर सांगून टाकलं होतं की डॉक्टरीण येणार. मी त्या खोलीत उभ्या उभ्या पलंग कुठं, पडदा कुठं, सगळं मांडून टाकलं. चहा झाला, पोहे झाले, आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा आडत्यांचा हमाल मोटारीत उडदाचं पोतं ठेवत होता.

कसं झालं ते आत्ता लक्षात येतं. मागची सीट काढलेली मोटार त्या गावानं पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, डॉक्टरसाहेबांनी मुद्दाम माल न्यायला जागा करून आणली. रिकामी गाडी दारातून परत पाठवायची म्हणजे आडत्यांची अब्रूच गेली असती. वजन कमी करायला आम्ही जी जागा केली होती तीच त्यांनी प्रेमानं भरली. पोत्यावर दोन मोठे भोपळे आले.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली. "आता न्हाई कसं म्हणायचं? वाईट दिसतं ते."

फाट्यावर एक म्हातारी, तिची विशीतली लेक आणि एक शेळी जालन्याच्या बसची वाट बघत उभ्या होत्या. म्हातारीनं मामंजींना ओळखलं, नमस्कार केला. मी वेग कमीच केला नव्हता, पण मामंजींचा हात खिडकीबाहेर जाऊन हललासुद्धा होता. "थांब थांब. बसा की. गाडी रिकामीच हाय."

रिकामी! उडदाचं पोतं, दोन भोपळे, ते स्वतः, आणि ही म्हणे रिकामी. म्हातारी पोत्यावर बसली, लेक खाली, आणि शेळीनं माझ्या मानेवर श्वास सोडायला सुरुवात केली. मी पापड विसरले. रागानं पाय जड होतो, हे मिस्त्रीनं शिकवलं नव्हतं. शिवाय जाताना जे उतार होते ते आता सगळे चढ झाले होते. मामंजी पुढं झुकत होते, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

रामनगर मागं पडलं आणि थोड्याच अंतरावर इंजिननं एक आचका दिला, मग दुसरा. मी गाडी कडेला घेतली. जालना अजून दहा-बारा किलोमीटर होतं.

मामंजी म्हणाले, "शर्त ती शर्त."

"मी हरले नाही," मी म्हटलं. सासऱ्यांसमोर माझा आवाज पहिल्यांदाच चढला. "गाडीनं जाताना अठराच्या वर दिलं, तुम्ही काडीनं मोजलं. तुम्ही गाव भरलं गाडीत. मला हरवलंत तुम्ही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते शेळीनं पाहिलं, याचाही मला राग आला.

तेवढ्यात कडबा टाकून परतणारी एक बैलगाडी आली. गाडीवान मामंजींच्या दवाखान्यात येणारा निघाला. त्यानं काही न विचारता मोटारीला दोर बांधला. पेट्रोलचा एक थेंब न लागता आम्ही जालन्याकडे निघालो, बैलांच्या चालीनं. मी नुसती स्टिअरिंग धरून बसले होते.

मागून म्हातारी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, वाटूरात बाया बोलून राह्यल्या, बाई पुढच्या बाजारपासून येणार. खरं हाय का?"

मामंजींनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

"माझ्या लेकीसाठी विचारते. तीन वर्सं झाली, तरास हाय तिला. मागं तुमच्याकडंच आल्तो आम्ही. ती पडद्यात जाऊन बसली. पण आतून बाईनं तुम्हाला सांगायचं, अन् तुम्ही बाहेरून मोठ्यानं विचारायचं. समदा दवाखाना ऐकतो, साहेब. पोरगी लाजली. पोट दुखतंय म्हणली, पुडी घेतली अन् परत आली." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बस चुकल्याचं सांगावं तसं ती सांगत होती. "आज पुन्हा तुमच्याकडंच निघालो होतो. पण ती आत्ताच म्हणते, म्या सांगणार न्हाई."

मला ती मुलगी आठवत नव्हती. पोट दुखतंय म्हणणाऱ्या किती मुलींच्या हातात मी पुड्या दिल्या होत्या, त्यातली ही एक. माझी खुर्ची, माझी खोली, माझी शर्यत असं आठ दिवस मी करत होते, आणि पडद्याच्या आत तर मीच बसत होते. माझा राग कुठल्या कुठं गेला. फार लाज वाटली.

मामंजींनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. मग मागं न बघता म्हणाले, "येणार. पुढच्या बाजारला बाई येणार. दर बाजारला येणार."

अख्ख्या रस्त्यानं त्यांना कुणालाच नाही म्हणता आलं नव्हतं. आताही तसंच झालं, असं मला क्षणभर वाटलं. पण त्यांनी दार उघडलं. बैलांच्या चालीत उतरायला त्यांना काही अडचण आली नाही. चालत्या गाडीच्या खिडकीशी वाकून ते मला म्हणाले, "पुढच्या बाजारपर्यंत कशाला थांबवायचं पोरीला? तू विचार तिला, आत्ताच. मी ऐकायला न्हाई."

मी त्या मुलीला पुढं माझ्या शेजारी यायला सांगितलं. ती आली, पदर सावरून बसली. मग बोलायला लागली. तीन वर्षांचं सगळं तिनं हळूहळू सांगितलं, आणि मी एका हातानं स्टिअरिंग धरून ऐकत गेले. मामंजी पुढं बैलांच्या बाजूनं चालत होते, कोटाची सगळी बटणं लावून, तेवढ्या उन्हात. जालना येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.